अठ्ठेचाळीस वर्षांनी फुलणारे गवत

सन १८६४ मध्ये उत्तर कानडा जिल्ह्यातील सुपा परिसराच्या जंगलांत वेळूला बहर आला. ही वार्ता शेजारच्या बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांत पोहोचली आणि तेथून सुमारे पन्नास हजार माणसे जंगलाच्या वाटेला लागली, अशी नोंद जुन्या वनविषयक ग्रंथांत आढळते. एकेक जथा दहा ते चौदा दिवस रानात मुक्काम करीत असे. गळून पडलेले बी झाडून, पाखडून गोळा करावयाचे, पावसाळ्यातील महिन्यांची घरची बेगमी करावयाची आणि उरलेले विकावयाचे, असा हा क्रम होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६६ मध्ये, बंगालमधील मालदाच्या बाजारात रुपयाला तांदूळ दहा शेर मिळत होता, तर वेळूचे बी तेरा शेर. त्याही आधी १८१२ मध्ये ओरिसात अशाच सार्वत्रिक बहरामुळे दुष्काळ टळल्याचे सांगितले जाते.

एकीकडे वेळू असा अन्नदाता ठरत असताना, देशाच्या अनेक भागांत मात्र वेळूला फुले येणे हे अशुभाचे लक्षण मानले जाते. ‘वेळू फुलला की दुष्काळ पडतो’ या समजुतीला सुशिक्षितांनी बराच काळ हसण्यावारी नेले. या हसण्याची किंमत एका डोंगराळ प्रदेशाला फार मोठी मोजावी लागली. परंतु त्या कथेकडे वळण्यापूर्वी मुळात वेळू इतका काळ थांबतो कशासाठी, हे पाहणे आवश्यक आहे.

वेळूच्या सुपात धान्य पाखडणाऱ्या आपल्या समाजाला वेळू हे झाड वाटते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते गवत आहे. भात, गहू, ज्वारी आणि ऊस यांच्याच कुळातले. भारतात वेळूच्या सुमारे १३६ जाती आढळतात. त्यांपैकी काही जाती दरवर्षी किंवा मधूनमधून तुरळक फुलतात. परंतु अनेक महत्त्वाच्या जातींचा क्रम निराळा आहे. बीजातून उगवलेले रोप वर्षानुवर्षे केवळ वाढत राहते, जमिनीखालच्या खोडातून नवे कोंब काढीत बेट विस्तारते, आणि मग एका ठरावीक मुदतीनंतर त्या जातीची सारी बेटे एकदम फुलतात, बी धरतात आणि मरून जातात. काटेरी वेळू म्हणजे कळक याची मुदत सुमारे ३२ वर्षे मानली जाते. ईशान्य भारतातील मेलोकॅना बॅसिफेरा या जातीची सुमारे ४८ वर्षे. चीन आणि जपानमधील फिलोस्टॅकिस बॅम्बुसॉइडिस या जातीची तर तब्बल १२० वर्षे! तिच्या बहराची चीनमधील नोंद इसवी सन ९९९ पर्यंत मागे जाते. जपानमध्ये ती अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, त्यानंतर १८४४ ते १८४७ या काळात आणि पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस फुलली. एवढेच नव्हे, तर जपानबाहेर इंग्लंड आणि अमेरिकेत नेऊन लावलेल्या तिच्या बेटांनीही त्याच सुमारास फुले धरली. माती बदलली, पाऊसमान बदलले, तरी मुदत चुकली नाही. हे घड्याळ वनस्पतीच्या पेशींत नेमके कसे चालते, याचा उलगडा अद्याप झालेला नाही.

या विषयाचा पद्धतशीर पाठपुरावा करणाऱ्यांत मुंबईचे एक नाव आदराने घ्यावे लागते. सेंट झेवियर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविणारे मूळचे स्वित्झर्लंडचे फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी १९२९ च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात वेळूच्या बहराविषयी प्रदीर्घ लेखमाला लिहिली आणि ठिकठिकाणच्या विखुरलेल्या नोंदी एकत्र केल्या. बहर कधी येतो, याचे उत्तर अशा नोंदींतून मिळत गेले. तो तसा का येतो, या प्रश्नाला मात्र आणखी काही दशके थांबावे लागले.

खाणाऱ्यांची तोंडे आणि बियांची रास

प्राण्यांना पाय असतात. संकट आले की ते पळू शकतात. वनस्पतीला ती सोय नाही. जेथे रुजली तेथेच राहून तिला आपल्या भक्षकांना तोंड द्यावे लागते, आणि वेळूच्या वाट्याला भक्षक थोडे नाहीत. हत्ती, गवा आणि हरणे पाला व कोवळे कोंब खातात, कोंब पोखरणारे भुंगेरे आहेत, ईशान्येत मुळे कुरतडणारा खास ‘बांबू उंदीर’ आहे. वेळूने त्यांच्याविरुद्ध केलेली तटबंदी स्वयंपाकघरातही जाणवते. वास्ते, म्हणजे वेळूचे कोवळे कोंब, चिरून पाण्यात भिजवल्याशिवाय आणि उकळून ते पाणी टाकल्याशिवाय भाजीला घेत नाहीत, कारण त्या कोंबांत सायनाइड निर्माण करू शकणारे द्रव्य असते. कोंबाभोवतीच्या आवरणावर खाज आणणारी कुसे असतात, पानांत दात झिजविणारी सिलिका असते, आणि कळकाच्या बेटाला तर काट्यांचे कुंपणच असते.

हे सारे शरीराचे रक्षण झाले. बियांचे काय? वेळूचे बी भातासारखे, पौष्टिक आणि चविष्ट असते. त्यात विष नाही, त्यावर कठीण कवचही नाही. रानकोंबड्या, पारवे, रानडुकरे, उंदीर आणि माणसे, सर्वांनाच ते हवे असते. बीजासारखा मौल्यवान ऐवज इतका उघड्यावर का टाकला जावा?

अमेरिकन परिसरशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झेन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधाचे शीर्षकच होते, वेळू फुलण्यासाठी इतका काळ का थांबतो. त्यांचे उत्तर थोडक्यात असे. एखादे बेट दरवर्षी थोडे थोडे बी देऊ लागले, तर परिसरातील उंदीर-पाखरांची संख्या त्या शिध्यावर स्थिर होईल आणि जवळजवळ प्रत्येक बी फस्त होईल. याउलट सर्व बेटांनी अनेक वर्षे काहीच दिले नाही, तर त्या बियांवर पोसली जाणारी तोंडे कमीच राहतील. मग एके वर्षी सर्वांनी मिळून जमिनीवर बियांचा थर पसरला, की खाणारे कितीही खावोत, त्यांची पोटे भरूनही भरपूर बी शिल्लक राहील. रक्षण विषाने नाही, काट्याने नाही. केवळ संख्येने आणि वेळ साधून. शास्त्रज्ञ याला ‘भक्षकांची तृप्ती’ म्हणतात.

या योजनेत ठरविणारा कोणीच नाही, ही तिची खरी मौज. जे बेट समूहाच्या आधी किंवा नंतर एकटेच फुलते, त्याचे बी भुकेल्या तोंडांना सापडते आणि त्याचा वंश तेथेच खुंटतो. जे समूहाबरोबर फुलते, त्याचीच रोपे तगतात. पिढ्यान्पिढ्या ही चाळणी चालू राहिली की मुदत पाळणारेच शिल्लक उरतात. वेळूचे परागण वाऱ्यावर होत असल्यामुळे सर्वांनी एकत्र फुलण्याचा तेथेही लाभ होतोच.

तथापि या उत्तरात एक त्रुटी होती. उंदराचे आयुष्य फार तर एक-दोन वर्षांचे. त्याला उपाशी ठेवण्यासाठी पाच-सात वर्षांचा खंड पुरेसा आहे. अठ्ठेचाळीस किंवा एकशेवीस वर्षे थांबण्याची गरज काय? २०१५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी या प्रश्नाला गणिताची सुरेख जोड दिली. समजा, एखाद्या जातीचा समूह दर पाच वर्षांनी फुलतो. उत्परिवर्तनामुळे एखाद्या रोपाची मुदत सहा वर्षांची झाली, तर ते सहाव्या वर्षी एकटे पडेल आणि त्याचे बी खाल्ले जाईल. परंतु मुदत दुप्पट, म्हणजे दहा वर्षांची झाली, तर ते जेव्हा फुलेल तेव्हा समूहही फुललेलाच असेल. बियांना संरक्षण मिळेल आणि वाढीला दुप्पट काळ मिळाल्यामुळे अन्नाचा साठाही अधिक, म्हणून बीही अधिक. हळूहळू दहा वर्षांची मुदत रूढ होईल आणि पुढची उडी पुन्हा पटीतच पडेल. म्हणजे वेळूची मुदत एकेक वर्षाने वाढली नाही, ती लहान आकड्यांच्या गुणाकाराने वाढली. ३२ हा पाच वेळा दोनचा गुणाकार आहे. ६० आणि १२० हे दोन, तीन आणि पाच यांच्या गुणाकारातून मिळतात. निसर्गात अशी मांडणी दिसावी, यावर प्रथमदर्शनी विश्वास बसत नाही. पण जुन्या, विश्वासार्ह नोंदींतील मुदती या हिशेबात चपखल बसतात.

मुदत लांबल्याचा दुसरा लाभ स्पर्धेतील आहे. वेळूचा कोंब पावसाळ्यात जमिनीतून वर येतो तो पूर्ण जाडीचाच, आणि दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. हे भांडवल त्याचे स्वतःचे नसते. जुन्या दांड्यांनी तयार केलेले व भूमिगत खोडात साठविलेले अन्न त्याच्या कामी येते. बँकेच्या ग्राहकाला मुदत ठेवीची आठवण व्हावी असाच हा व्यवहार! मेलोकॅनाचे भूमिगत खोड तर लांब पसरत जाते, त्यामुळे ही जात एका जागी बेट करून न राहता उतारच्या उतार व्यापते. फिरत्या शेतीसाठी जंगल तोडून जाळले आणि जमीन पुन्हा पडीक सोडली, की झाडांची रोपे वर येण्यापूर्वीच वेळू तेथे सावली धरतो.

आणि मग मृत्यू. सारा साठा बियांत ओतून जनक बेट वाळते. त्यामुळे आकाश मोकळे होते आणि खाली रुजलेल्या रोपांना ऊन मिळते. जनकच उभा राहिला असता तर त्याच्या दाट सावलीत ती रोपे तगली नसती. वाळलेल्या वेळूला वणवा लागून प्रतिस्पर्धी झाडे जळतात आणि वेळूच्या रोपांना मैदान मिळते, असाही तर्क १९९९ मध्ये मांडला गेला. परंतु ओल्या, सदाहरित रानात वणवे मुळातच क्वचित लागतात, म्हणून तो सर्वत्र लागू पडेलसे वाटत नाही.

वेळू मेला की त्याच्या पाल्यावर जगणाऱ्यांचे हाल होतात, ही या व्यवहाराची दुसरी बाजू. १९७० च्या दशकाच्या मध्यास चीनमधील मिनशान पर्वतरांगांत वेळूचा मोठा बहर आला आणि त्यानंतर शंभरावर पांडा मृतावस्थेत आढळले. पूर्वी एका जातीचा वेळू संपला की पांडा दुसऱ्या जातीच्या शोधात खाली उतरत किंवा शेजारच्या खोऱ्यात जात. मध्ये शेती आणि वस्ती आल्यावर ती वाट उरली नाही.

महाराष्ट्राला याच युक्तीचे एक परिचित उदाहरण आहे. कुडाच्या भिंतींसाठी जिच्या काठ्या वापरल्या गेल्या ती सह्याद्रीतील कारवी. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये डोंगरभर फुलली. आठ वर्षांचा संसार, एक जांभळा बहर, आणि अखेर. वेळू आणि कारवी यांचा कुळाने काहीही संबंध नाही. तरी दोघींच्या वंशांनी स्वतंत्रपणे हाच मार्ग धरला.

मौताम

मिझो भाषेत मेलोकॅनाला ‘मौ’ म्हणतात आणि तिच्या बहरानंतर येणाऱ्या अवकाळाला ‘मौताम’. मेलोकॅनाचे फळ गवताच्या कुळातील सर्वांत मोठे, साधारण पेरएवढे असते. ते मांसल असते आणि कित्येकदा दांड्यावर असतानाच त्याला मोड येतो. पालोड येथील वनस्पती उद्यानात केरळच्या संशोधकांनी या फळाचे पृथक्करण केले, तेव्हा त्यात शर्करा भरपूर, परंतु प्रथिने बेताचीच आढळली. हे फळ खाल्ल्याने उंदरांची प्रजननशक्ती वाढते, अशी पूर्वापार समजूत होती. तिला आधार मिळाला नाही. प्रत्यक्षात त्याची आवश्यकताही नाही. उंदराच्या मादीचा गर्भकाळ अवघा तीन आठवड्यांचा आणि पिल्ले दोन-तीन महिन्यांत वयात येणारी. एरवी अन्नाच्या टंचाईमुळे बहुतेक पिल्ले दगावतात. फळांचा सडा महिनोन्महिने पडत राहिला, की एका पिढीची दुसरी, दुसरीची तिसरी होण्यास काहीच अडसर उरत नाही.

वेळूच्या दृष्टीने येथवर सर्व ठरल्याप्रमाणे घडते. उंदीर वाढले तरी फळे त्यांच्या आवाक्यापलीकडची असतात. पावसाबरोबर उरलेली फळे रुजून रोपे होतात आणि रानातील अन्न एकाएकी संपते. नेमक्या त्याच सुमारास डोंगरउतारावरील झूम शेतात भात पिकू लागलेला असतो. उंदरांचे थवे शेतांत शिरतात, आणि वर्षभराचे धान्य एकेका रात्रीत नाहीसे होते. उभे पीक संपले की कोठारे. एका गवताचा वंश टिकतो, त्याची किंमत दुसऱ्या गवताला, म्हणजे भाताला, आणि त्यावर जगणाऱ्या माणसांना द्यावी लागते. सुप्याच्या रानातून धारवाडकर बी भरून घेऊन गेले, तेव्हा निदान उंदरांच्या आधी माणसे पोहोचली होती.

मौताम १९११-१२ मध्ये येऊन गेला होता. गावोगावच्या वृद्धांना तो आठवत होता, आणि पुढचा केव्हा येणार हेही त्यांना ठाऊक होते. त्या वेळी मिझो टेकड्या हा आसाम राज्याचा एक जिल्हा होता. ऑक्टोबर १९५८ मध्ये तेथील जिल्हा परिषदेने येऊ घातलेल्या संकटाची सूचना देऊन राज्य सरकारकडे पंधरा लाख रुपयांची मागणी केली. फुलांचा आणि दुष्काळाचा संबंध जोडणे ही आदिवासींची अंधश्रद्धा आहे, अशा समजुतीने तिची दखल घेतली गेली नाही. १९५९ मध्ये उंदीर शेतांत उतरले. रस्ते नसलेल्या त्या डोंगरांत मदत पोहोचेपर्यंत माणसे रानातील कंदमुळांवर दिवस काढीत होती.

त्या उपासमारीत गावोगाव पाठीवरून तांदूळ पोहोचविण्यासाठी १९६० मध्ये ‘मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट’ ही संघटना उभी राहिली. जिल्हा परिषदेत कारकुनी केलेले लालडेंगा तिचे नेते होते. ऑक्टोबर १९६१ मध्ये संघटनेच्या नावातील ‘फॅमिन’ हा शब्द गळाला आणि मदतसंस्थेचा राजकीय पक्ष झाला. १९६६ मध्ये सशस्त्र उठाव झाला. तो शमून करार होण्यास ३० जून १९८६ हा दिवस उजाडावा लागला, आणि २० फेब्रुवारी १९८७ रोजी मिझोराम स्वतंत्र राज्य झाले. उठावामागे अन्यही कारणे होती; सारा दोष फुलांच्या माथी मारणे उचित होणार नाही. परंतु उपाशी माणसाला वेळेवर न मिळालेले धान्य तो विसरत नाही, हे त्या वीस वर्षांनी दाखवून दिले.

पुढचा मौताम २००६ ते २००८ या काळात आला. या वेळी सरकार मिझोरामचेच होते आणि तारीख सर्वांना पाठ होती. बहरापूर्वीच खास योजना आखण्यात आली, वेळूची वेळीच तोड करण्यावर भर दिला गेला, उंदीर ज्यांना तोंड लावीत नाहीत अशी आले व हळद यांची पिके घेण्याचा सल्ला शेतकऱ्यांना देण्यात आला. मारलेल्या उंदराच्या शेपटीमागे दोन रुपये बक्षीस जाहीर झाले आणि सरकारी कचेऱ्यांत शेपट्यांचे जुडगे मोजले जाऊ लागले. तरीही भाताचे नुकसान मोठे झाले. अनेक शेतकऱ्यांच्या हाती बियाण्यापुरतेही धान्य लागले नाही. उंदरांची ती संख्या शेपट्या मोजून आटोक्यात येणारी नव्हतीच. मात्र रस्ते होते, बाहेरून तांदूळ आला, आणि १९५९ ची पुनरावृत्ती टळली.

मिझोराममधील आणखी एक वेळू, ‘रॉथिंग’, याच्या बहराला ‘थिंगताम’ म्हणतात. तो १८८१-८२, १९२९-३० आणि १९७७ मध्ये येऊन गेला. म्हणजे त्याचीही मुदत सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांचीच, आणि त्या हिशेबाने पुढची पाळी २०२५ च्या आसपासची येते. मौताम आणि थिंगताम यांच्या मध्ये एकदा अठरा आणि एकदा तीस वर्षांचे अंतर पडते, हे मिझो वृद्ध शास्त्रीय निबंध लिहिले जाण्याच्या कितीतरी आधीपासून जाणत होते. उंदराची एकही पिढी दोन बहर पाहत नाही, आणि वेळूची सारी योजना त्यावरच उभी आहे. माणसाचे आयुष्य मात्र नेमके तेवढे लांब असते: १९५९ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल २००७ मध्ये अठ्ठावन्न वर्षांचे होते, आणि कोणत्या महिन्यात कोठार उंचावर बांधावयास हवे हे ते सांगू शकत होते. २००७ च्या सुमारास रुजलेली रोपे आज मिझोरामच्या उतारांवर दाट वाढली आहेत. त्यांचा बहर २०५५ च्या सुमारास अपेक्षित आहे.